पेटीतला पासपोर्ट आणि फळीवरची काच

१

पेटीचं कुलूप शाबूत होतं, किल्ली म्हातारीच्या कमरेला होती, आणि पेटीत पासपोर्ट नव्हता.

फक्रुद्दीन पटवेगार हे ओरडत माझ्या स्टुडिओत शिरला तेव्हा मी अंधारखोलीत होतो. कागदावर एक इनामदार नुकते कुठे उमटत होते. "दार उघडू नको!" असं मी म्हणेपर्यंत त्यानं दार उघडलं आणि इनामदार पगडीसकट काळे ठिक्कर पडले. दुसरा कुणी असता तर मी त्याला शाहूपुरीच्या पार टोकापर्यंत पळवला असता. पण पोराचं तोंड बघितलं आणि शिव्या गिळल्या.

फक्रू आमच्या जुन्या शेजारातला. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत ज्या हुशार पोरांना दरबारानं हात दिला, त्यांतला एक. मंगळवार पेठेतलं त्याचं घराणं पटवेगारांचं, म्हणजे लोकांचे दागिने रेशमात गाठून द्यायचे हा पिढीजात धंदा. त्या घरातला हा धाकटा विलायतेला डॉक्टरी शिकत होता. बाप वारला म्हणून तो आला, आणि इथं असतानाच त्याच्या पासपोर्टाची मुदत संपत आली. ती साहेबाच्या कचेरीतून वाढवून घ्यायची होती. शिवाय अजून दोन वर्षं शिकायचं होतं म्हणून बायकोलाही न्यायचं त्यानं ठरवलं होतं. त्या काळी बायकोला वेगळा पासपोर्ट लागत नसे. नवऱ्याच्याच पासपोर्टात तिचं नाव घालत आणि त्याच्या फोटोशेजारी तिचा फोटो डकवत. हे दोन्ही फोटो काढणारा मी, त्र्यंबक फोटोग्राफर.

"मी तिकिटांसाठी मुंबईला गेलो होतो," फक्रू म्हणाला. "मागं कचेरीतून पासपोर्ट आला. मुदत वाढलेली, जरीनाचा फोटो लागलेला. ख्वाजाभाईनं घेतला आणि पेटीत ठेवला. मी आज सकाळी आलो, पेटी उघडली, तर नाही! उद्या संध्याकाळची गाडी आहे, शनिवारची बोट आहे. बोट चुकली की परीक्षा चुकली, परीक्षा चुकली की दरबारची मदत बंद. मग मी ना डॉक्टर, ना पटवेगार."

"पोलिसात गेलास?"

"भाई नको म्हणत होता, तरी गेलो. फौजदारांनी केरबाला धरलाय. कचेरीचा पट्टेवाला. पासपोर्ट त्यानंच आणून दिला होता, आणि बक्षिसीवरून भाईशी तंडला होता."

"मग मिळेल की."

"नाही मिळाला तर? साहेबांच्या पाया पडून दुसरा करून घेईन. पण फोटो पाहिजेत, दादा. माझे आणि जरीनाचे. आत्ता."

"एवढंच ना? अरे, काच आहे तर फोटो आहे."

हे मी जरा छाती काढूनच म्हणालो. माझ्या स्टुडिओत फोटोच्या काचा, म्हणजे निगेटिव्ह, नावाची चिठ्ठी लावून फळीवर उभ्या केलेल्या असतात. अख्ख्या कोल्हापुरात अशी टापटीप कुणाकडे नाही, असं मी गिऱ्हाइकाला न विचारता सांगत असे. फक्रूची काच जागेवर होती, ती काढून टेबलावर ठेवली. शेजारच्या खाचेत हात घातला.

चिठ्ठी होती. 'फक्रुद्दीन पटवेगार यांची पत्नी'. खाच रिकामी होती.

२

माझी थोरली बहीण कालिंदी. तिला सगळी पेठ अक्का म्हणते. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पांढरं झालं, मग शिकली, आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. पोरींच्या खोड्या पकडून पकडून तिचे डोळे असे झालेत की तिच्यापुढे खोटं बोलायला मी वयाच्या चाळिशीतही कचरतो. स्टुडिओच्या वरच आमचं बिऱ्हाड. मी आणि फक्रू वर गेलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती.

तिनं सगळं ऐकून घेतलं, खडे बाजूला टाकत. मग म्हणाली, "पासपोर्ट कुणी का घेतला, ह्याची दहा कारणं सापडतील. फक्रूनं जाऊ नये असं वाटणारा घेईल, केरबावर डूख धरणारा घेईल. पण काच? काच कशाला?"

"दुसरा पासपोर्ट होऊ नये म्हणून," मी म्हणालो.

"मग फक्रूची काच का ठेवली? शेजारीच होती. चोराला फक्रू नको होता, त्र्यंबक. त्याला फक्त ती बाई नको होती." तिनं सूप खाली ठेवलं. "तो फोटो काढलास त्या दिवसाचं सांग. काही गाळू नकोस."

मी सांगितलं. घरची सून स्टुडिओत येणार नाही असं ख्वाजानं बजावलं होतं. म्हणून कॅमेरा, तिकाटणं, काळं कापड असा संसार टांग्यात घालून मीच मंगळवार पेठेत गेलो. फक्रू मुंबईला गेलेला. मागच्या अंगणात खुर्ची मांडली. चादर गुंडाळलेली बाई आली. ख्वाजा म्हणाला, ही फक्रूची बायको. तिनं तोंडावरची चादर बाजूला केली आणि बसली. सगळा वेळ एक शब्द बोलली नाही. चेहरा शांत, डोळे मोठे. मी कापडाखाली डोकं घातलं, तर गळ्यातल्या डोरल्याच्या एका वाटीवरून ऊन थेट माझ्या डोळ्यात.

"आणि दुसऱ्या वाटीवरून?" अक्कानं विचारलं.

"तीच तर गंमत. दुसरी मठ्ठ. ऊन सारखंच पडलंय, सोनं तेच, पण एक चमकते आणि एक नाही. मग मी म्हटलं, बाई, वाटी जरा झाका. तिनं दचकून चादर वर ओढली, तेवढ्यात मी फोटो घेतला. एक नंबर आला. पण वाट्या दिसतात त्यात, थोड्या."

अक्का उठली. फक्रूकडे बघितलं, काही विचारायला म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. "तू घरी जा," ती त्याला म्हणाली, "आणि कुणाशी भांडू नकोस."

तो जिना उतरल्यावर तिनं स्वयंपाकघरात हाक मारली. आमच्या मंडळी भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आल्या. अक्का त्यांच्या अगदी जवळ गेली, गळ्यातलं डोरलं बोटावर उचललं, उजेडात धरलं आणि सोडून दिलं.

"हे गाठायला कधी दिलं होतंस गं?"

"झाले की आठ-दहा दिवस, वन्सं. दोरा कुजलावता. तेवढे दिवस गळ्यात हळकुंड बांधून काढले मी. परवा आलं पटवेगारांच्यातनं."

"आणायला कोण गेलं होतं?"

"कोण जातंय? त्यांच्यातलंच आणून देतात की. हे जेवाय बसलेवते, स्टुडिओ उघडाच हुता."

अक्कानं पायात चपला सरकवल्या. माझी बहीण माझ्याच बायकोचा गळा तपासत होती. चोर माझ्या घरात आहे असं तिला वाटतंय की काय?

"अक्का, हे काय चाललंय?"

"तुला कॅमेऱ्यातून दिसतं तेवढं उघड्या डोळ्यांनी दिसलं असतं, तर मला जावं लागलं नसतं," ती म्हणाली. "चल मंगळवार पेठेत."

३

ख्वाजा दुकानाच्या ओट्यावर चटईवर बसला होता. उजव्या पायाच्या अंगठ्याला रेशमाचा फास अडकवून तो काळे मणी ओवत होता. मागच्या खुंट्यांवर गिऱ्हाइकांचे साज, पुतळ्यांच्या माळा, डोरली लटकत होती. आत कुठेतरी रेशीम गुंडाळायचा रहाट घरघरत होता.

"या अक्का. तुमी आत जावा," तो म्हणाला. "पावणं, तुमी हितंच बसा."

ज्याच्या मांडीवर मी लहानपणी आंबे खाल्ले, तो मला पावणं म्हणाला. मी मुकाट्यानं बसलो.

"फौजदाराकडं जाऊ नगं म्हनलंतं मी," तो आपणहून सुरू झाला. "ऐकतंय कोन? विलायतेला जाऊन शानं झालंय. घरातली गोष्ट घरात ऱ्हायाची. आता समद्या पेठंत बोभाटा."

"मग पासपोर्ट घरातच कुणी घेतलाय म्हणता?"

"मी कवा म्हनलं?" त्याचा अंगठा ताणला गेला. "अम्माच्या कमरंला किल्ली हाय. किल्लीचा गोंडा मी गाठलाय, सवताच्या हातानं. ती गाठ सोडल्याबिगार किल्ली निघत न्हाय, आनि आमच्या घरच्याबिगार ती गाठ कुनाला सुटत न्हाय. सुटली तरी परत बसवता येत न्हाय. त्यो केरबा काय सोडतोय!"

एवढं बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण केरबाला सोडवून आपल्याच घराला गुंतवलंय. त्याचे कान लाल झाले. मग त्यानं विषय बदलायला खुंट्यांकडे हात केला.

"बघा की. कोल्हापुरातल्या निम्म्या बायकांचं सौभाग्य ह्या अंगठ्याला बांधलंय माझ्या. हिंदू बाईचं डोरलं गाठायचं म्हंजे काम असतंय. वाट्या दोन, त्या मधोमध बसाय पाहिजेत, गाठ दिसाय न्हाय पाहिजे. आमच्या घरातल्या बायकांचं काय, नुसता काळ्या मन्यांचा लच्छा. वाटी न्हाय, पदक न्हाय. बोलत बोलत गाठून हुतोय."

"तुम्हाला फक्रूनं जायला नको होतं का?"

"मला?" तो एकदम गरजला. "माझा बाप मेला तवा त्यो सात समुद्रापल्याड हुता. खांदा मी दिला. पर जाऊ दे की त्याला! डागतर हुंदे! मी काय अडवलंय? पर सून न्यायची, तिचं तोंड सायबाला दाखवायचं, त्यो तिचा फोटू भितीला लावनार…"

तो बोलायचा थांबला, कारण आतला रहाट थांबला होता. घरघर मध्येच तुटली. मग रहाट पुन्हा फिरायला लागला, पण आधीसारखा नाही, अडखळत.

अक्का बाहेर आली ती ओठ घट्ट मिटूनच. मला घेऊन ती कोपऱ्यापर्यंत तरातरा चालली.

"आत तिघी आहेत," मग ती म्हणाली. "रोशनबी रडतेय. म्हणते, बापाची इच्छा होती, पोरगा डॉक्टर झालाच पाहिजे. दुपारी डोळा लागतो तिचा, आणि तेव्हा कुणी किल्ली सोडली तर तिला कळायचं नाही. जरीना मिरजेच्या बागवानांची लेक, येऊन वर्ष झालं नाही, तिला साधी गाठ येत नाही. ती एवढंच म्हणाली की, मला कुणी काही विचारलं नाही. तिसरी नजीरा, दोघांची मधली बहीण. आपण ही पेठ सोडली तेव्हा एवढीशी होती, तू आता ओळखणारही नाहीस. तरुणपणी नवरा गेला, तेव्हापासून निम्मा धंदा तीच ओढते."

"मग चोर ख्वाजाच! गाठ त्याची, पोलीस नकोत त्याला, सून न्यायला विरोध त्याचा."

"ख्वाजा काहीतरी लपवतोय," अक्का म्हणाली. "पण पासपोर्ट नाही. चौकीवर चल. केरबाला एकच प्रश्न विचारायचाय."

४

बाळासो फौजदार मिशांवर हात फिरवत बसले होते. अक्कानं त्यांच्या मुलीला शिकवलं होतं, म्हणून त्यांनी खुर्ची दिली.

"उद्या सकाळी कोर्टापुढं उभा करनार," ते म्हणाले. "कबूल हुईत न्हाय. हुईल."

केरबा कोपऱ्यात उकिडवा बसला होता. कचेरीचा लाल पट्टा काढून घेतलेला, डोक्याला पटका नाही. गालावर बोटं उठली होती. मला बघून तो रडायलाच लागला.

"त्र्यंबकराव, माझी नोकरी गेली! सायेब म्हनला, चोर पट्टेवाला नगं. पोरंबाळं हायती मला. आवो, मी कशापायी चोरू? मला त्याच्यावरचं वाचता तरी येतंय व्हय?"

"केरबा," अक्का म्हणाली, "पासपोर्ट द्यायला गेलास तेव्हा काय काय बोललास? आठवून सांग."

"काय बोलनार? बक्षिसी मागिटली. ख्वाजाभाई म्हनला, चल निघ. मग म्या बी जरा चढवून बोललो. म्हनलं, हे काय सादं काम न्हवं. मुंबईच्या गोदीत गोरा सायेब बसलेला असतोय. पासपोर्टातला फोटू त्यो बाईच्या तोंडाजवळ धरतोय आनि बुरखा वर कराय लावून दोनी थोबाडं ताडून बघतोय. जरा फरक दिसला की दोगास्नी बेड्या. कचेरीत सायेब लोक बोलत्यात, ते ऐकलंतं मी."

"ऐकून ख्वाजा काय म्हणाला?"

"त्येचं तोंड उतरलं. मग म्हनला, बढाया मारू नगंस."

"आणि आत कुणी काही बोललं?"

केरबानं डोळे पुसले, विचार केला. "बोललं न्हाय कोन. पर आत रहाट चाललाता घर्र घर्र. त्यो माझं बोलनं झाल्यावर बंद पडला. मी निघूस्तवर बंदच हुता."

मला त्यातून काही उलगडलं नाही. अक्कानं मात्र डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्यात पाणी होतं. माझ्या बहिणीच्या डोळ्यात मी फार वर्षांनी पाणी बघत होतो.

"फौजदार," ती म्हणाली, "ह्याला दूध-भाकरी द्या. संध्याकाळी मी पासपोर्ट आणून देते. आणि चोरी झालीच नव्हती असं लिहून घ्यायची तयारी ठेवा."

"म्हंजे?" बाळासो उठून उभेच राहिले. "चोर कोन मग?"

अक्का तोवर रस्त्यावर पोचली होती.

५

ख्वाजा, फक्रू आणि मी आतल्या खोलीत बसलो. रोशनबी भिंतीला टेकलेली. पडद्याआड जरीना आणि नजीरा. रहाट बंद होता. ख्वाजानं दार लावून घेतलं.

"आधी गाठ," अक्का म्हणाली. "किल्ली सोडून परत तशीच बांधली, म्हणजे हात पटवेगाराचा. केरबा सुटला, जरीना सुटली. उरलं हे घर. आता काच. फक्रूला अडवायचं असतं तर नुसता पासपोर्ट पुरे होता. पण चोराला माहीत होतं की पासपोर्ट गेला तर फक्रू त्र्यंबककडे धावेल, त्याच काचेवरून तोच फोटो निघेल आणि तोच पुन्हा डकवला जाईल. तो फोटो गोदीतल्या साहेबापर्यंत जाऊ नये, एवढ्यासाठी ही चोरी झाली."

"पण का?" फक्रू कळवळून म्हणाला. "जरीनाच्या फोटोत असं काय आहे?"

"जरीना नाही."

ख्वाजानं मान खाली घातली.

"ख्वाजा, तूच म्हणालास ह्याला, तुमच्या बायकांच्या लच्छ्याला वाटी नसते. मग ह्यानं फोटो काढला तेव्हा फक्रूच्या बायकोच्या गळ्यात डोरलं कसं होतं? दोन वाट्यांचं?"

मी तोंड उघडं टाकून बसलो. डोरलं मी बघितलं होतं, ऊन चमकलेलं बघितलं होतं. पण लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात वाट्या असणारच, त्यात मला वावगं ते काय वाटणार! जन्मभर मी तेच बघत आलेला.

"बाईला लग्नाची दिसायचं होतं," अक्का पुढे म्हणाली, "पण तिचा स्वतःचा लच्छा नवऱ्याबरोबरच गेला होता. मग तिनं खुंटीवरचं हाताला लागलं ते गिऱ्हाइकाचं डोरलं गळ्यात घातलं. त्याची एक वाटी चमकत नव्हती, कारण ती चेपलेली होती. आमच्या भावजयीनं पाट्यावर आपटून चेपवलेली. त्र्यंबक, तू तुझ्या बायकोच्या डोरल्याचा फोटो काढलास आणि तुला पत्ता नाही!"

फक्रू उठून ख्वाजापुढे उभा राहिला. "भाई! तू नजीराआपाला बसवलंस?"

ख्वाजाचा आवाज बसला होता. "मला वाटलं, सायबाच्या दप्तरात पडून ऱ्हानार. बाई ती बाई. कोन बघतंय? नजीरा दुकानातनं जाती-येती, लोकांच्या घरी माल पोचवती, तिचं तोंड झाकलेलं न्हाय. घरच्या नव्या सुनंचं झाकलेलं ऱ्हावं, एवढंच मनात हुतं. मग त्यो केरबा बोलला. ती मला म्हनली, फक्रूला सांग. मी म्हनलं, गप बस."

पडदा बाजूला झाला. नजीरा बाहेर आली. अंगावर चादर घेऊन तयारच होती, बाहेर पडायला. चेहरा शांत, डोळे मोठे. मी ओळखला. हाताशी काळ्या मण्यांची टोपली होती. तिनं मणी बाजूला सारले आणि तळातून रेशमाच्या लडीत गुंडाळलेला पासपोर्ट काढून फक्रूच्या हातात दिला.

"मी चौकीवरच निघालते," ती म्हणाली. "अक्का दुपारी म्हनल्या, केरबाला धरलंय. तवाच निघाय पाहिजे हुतं. पाय उचलला न्हाय. फक्रू, तुला गोदीत पोलिसांनी धरलं असतं रे. तुझ्या बायकोला धरलं असतं, माझ्या तोंडापायी. मला वाटलं, तू आलास की सांगीन. तू आलास आनि आरडाय लागलास, माझी जीभच गेली."

फक्रूनं पासपोर्ट उघडला. आपल्या फोटोशेजारचा बहिणीचा फोटो बघितला आणि तो लहान मुलासारखा रडला.

"आणि काच?" मी विचारलं. मला काचेची काळजी! अजून लाज वाटते.

नजीरानं टोपलीत पुन्हा हात घातला. जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली काच निघाली. एकही ओरखडा नव्हता. परवा डोरलं पोचवायला आली तेव्हाच तिनं ती फळीवरून उचलली होती.

"ही फोडून टाकली असतीस तर कुणाला काही कळलं नसतं," अक्का हळूच म्हणाली. "विहीर दाराशी आहे तुमच्या."

"दोनदा नेली विहिरीपातूर," नजीरा म्हणाली. "टाकवली न्हाय."

का, ते अक्कानं विचारलं नाही. एकीच्या गळ्यात काही नव्हतं आणि दुसरीच्याही. एवढी हुशार माझी बहीण, पण हे कोडं तिनं हुशारीनं सोडवलं नव्हतं, हे तेव्हा मला कळलं.

६

पण शनिवारची बोट काही आमच्यासाठी थांबणार नव्हती.

"आता काय?" ख्वाजा म्हणाला. "खोटं तोंड दिलं म्हनून सायेब आमाला सगळ्यास्नी आत घालंल. जा म्हनावं फक्रूला एकट्याला. सून ऱ्हाईल हितंच."

"मी बसते."

पडद्याआडून आवाज आला. सगळ्यांनी तिकडे बघितलं. जरीनाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो, बारीक पण पक्का.

"मला कुनी इच्यारलंच न्हाई," ती म्हणाली. "त्या दिवशी बी मी बसले असते. गोदीत सायबाला तोंड दाखवायचंच हाय, तर फोटूला काय झालं?"

"घरची सून…" ख्वाजा सुरू झाला.

"गप्प बस," रोशनबी म्हणाली. दिवसभरात म्हातारी पहिल्यांदा भिंतीपासून सरळ झाली. "लेकीचं तोंड चाललं, सुनंचं चालत न्हाई व्हय रे तुला? नजीरा काय वाटंवर पडलीय?"

ख्वाजा उठून ओट्यावर गेला आणि अंगठ्याला नुसताच दोरा गुंडाळत बसला.

ऊन उतरायच्या आत मी कॅमेरा आणला. काळ्या कापडाखाली अक्का गेली आणि रबरी फुगा तिनंच दाबला. मी अंगणाच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहून नुसत्या सूचना देत होतो. फोटो जरा हललेला आला. तरी मी त्याला नावं ठेवली नाहीत.

सकाळी फक्रूबरोबर मी साहेबाच्या कचेरीत गेलो. रात्रभर एकच विचार डोक्यात होता. खरं सांगावं तर ख्वाजा तुरुंगात जातो आणि फक्रूची बोट जाते. न सांगावं तर पासपोर्टात चुकीची बाई राहते. मग मी माझ्याजवळ होतं ते एकमेव मोठेपण काढून साहेबाच्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, चूक माझी आहे," मी म्हणालो. "माझ्या स्टुडिओत काचांची अदलाबदल झाली. दुसऱ्याच बाईचा फोटो मी ह्यांची बायको म्हणून दिला. पासपोर्ट घरीच होता, चोरीला गेला नव्हता. पट्टेवाला निर्दोष आहे."

साहेबानं दोन्ही फोटो बघितले, माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत असं काही बोलला की शेजारच्या कारकुनानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मूर्ख हा शब्द मला समजला. पण त्यानं जुना फोटो खरवडून नवा डकवला, शिक्का मारला, सही केली. केरबाला अक्कानं आदल्या संध्याकाळीच चौकीवर पासपोर्ट दाखवून सोडवलं होतं, आता त्याला पट्टाही परत मिळाला. संध्याकाळी स्टेशनवर गाडी सुटायच्या वेळी जरीनानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि नजीराचा हात गाडी हलेपर्यंत धरून ठेवला. ख्वाजा लांब खांबाला टेकून उभा होता. गाडी गेल्यावर तो कितीतरी वेळ रुळांकडे बघत राहिला.

त्यानंतर साहेबाच्या कचेरीनं मला एकही काम दिलं नाही. गावात झालं ते निराळंच. दोन बायकांमधला फरक न कळणारा फोटोग्राफर म्हणून लोक मला हसत. मी उलट बोललो नाही. काचा मी कधीच बदलल्या नव्हत्या. पण स्वतःच्या बायकोचं डोरलं ज्याला ओळखू आलं नाही, त्यानं कुठल्या तोंडानं भांडावं?

मंडळींना सगळं सांगितलं तेव्हा मी घाबरलोच होतो. आपलं डोरलं एका विधवेच्या गळ्यात, म्हणजे केवढा आकांत होईल! त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला, क्षणभर डोरल्यावर गेला.

"चेपलेलंच घातलं व्हय तिनं?" त्या म्हणाल्या. "खुंटीला एवढी चांगली हुती की."

मी त्या काचेवरून एक फोटो काढला, चांगल्या जाड कागदावर, आणि स्वतः मंगळवार पेठेत घेऊन गेलो. नजीरा रहाटाजवळ होती. फोटो तिनं हातात घेतला. डोरल्याच्या वाट्या अंगठ्यानं झाकल्या, नुसता चेहरा बघितला. मग अंगठा काढला आणि परत बघितला. शेवटी फोटो मला परत दिला.

"घरात ठेवाय येत न्हाय, त्र्यंबकदादा," ती म्हणाली. "तुमच्याकडंच असू दे. काच तेवढी फुटू देऊ नका."

मी स्टुडिओत आलो. काच तिच्या खाचेत ठेवली. जुनी चिठ्ठी काढून टाकली आणि नवी लावली. तिच्यावर कुणाची बायको, कुणाची बहीण असलं काही लिहिलं नाही. नुसतं 'नजीरा' एवढंच लिहिलं.